एक जागा, तेवीस जण

३ जून, सोमवार

आणखी एक नकार! अकरावा. ‘अनुभव हवा.’ नोकरीच नाही तर अनुभव कुठून आणू — बाजारातून, किलोवर?

कालीमा मावशी तिच्या पार्लरमध्ये नखं रंगवायला बोलावतेय. ‘ये गं, बुरुलाय. नेलपॉलिश म्हणजे तुझं रसायनशास्त्रच की!’ आई हसली. मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

७ जून

काही नाही.

११ जून

इथे बिश्केकमध्येच, पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत एक जागा. अर्ज टाकला. आशा नाही.

१९ जून

लेखी परीक्षा. तेवीस जण. रांगेत सगळ्यात मागे — तेमिरकुल आगाय! कॉलेजात मला ब्युरेट धरायला शिकवणारे माझे सर. टोपी हातात चुरगाळत उभे. वाटलं, पेपर काढणारे तेच असतील. ‘विभाग बंद केला गं आमचा, मार्चमध्ये. विद्यार्थीच येईनात.’ वय एकसष्ट!



२१ जून

दोघंच उरलो. मी आणि आगाय.

२४ जून

आज प्रात्यक्षिक. शेजारशेजारची टेबलं. ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा, चंबूतलं पाणी फिकट गुलाबी झालं की थांबायचं, आकडा लिहायचा. माझं झालं होतं. परीक्षक बाई फोन घ्यायला बाहेर गेल्या. आगाय चंबूवर पार वाकलेले.

‘पोरी, रंग आला का बघ. डोळे साथ देत नाहीत.’

पाणी स्वच्छ होतं. काहीच रंग नव्हता.

‘आला,’ मी म्हणाले.

त्यांनी तोटी बंद केली. आकडा लिहिला. ‘बरं झालं, तू होतीस.’

मी! मीच म्हणाले ते. दुसरं कुणी नाही.

२५ जून

जेवण गेलं नाही. आईला वाटतं, निकालाची धास्ती. दोनदा फोन हातात घेतला — बाईंना सांगावं म्हणून. दोनदा ठेवला.

२८ जून

मला घेतलं.

आईने घाणाभर पिठाचे बोरसोक तळले, सगळ्या मजल्यावर वाटले. मावशी म्हणते, ‘आता काय बाबा, सरकारी बाई!’ माझ्या वाटचे मी मावशीला दिले.

२९ जून

आगायांचा फोन. अभिनंदन केलं. मग —

‘चाळीस वर्षं हेच करतोय मी. तू “आला” म्हणालीस तेव्हा रंग यायला चार-पाच थेंब बाकी होते. असू दे. रुजू कधी होतेस?’