मखमलीच्या मधली पट्टी

आई,

तू वहिनीले अन् बाळाले दवाखान्यातून आणाले गेली, तेवढ्यात गोधडीचं अस्तर जोडून झालं. मशीनवर ठेवलं हाये. मखमलीच्या दोन्ही तुकड्यांची लव एकाच बाजूले घेतली, हात फिरवून पाहून घेजो.

अश्विनच्या पोराले लग्नापर्यंत पुरली पाहिजे म्हणून तू माप मोठं दिलं, अन् कापड वीतभर कमी पडलं.

सकाळी इलानं त्या मखमलीवर गाल ठेवला तं तू तिले हाकललं. मखमल मळन म्हणे. सहा वर्षांची नात हाये तुही, हात धुऊन बसली होती.

तिच्या वेळी मी मऊ कापड मागतलं, तं तू म्हणे, "तान्ह्या लेकराले नवं लावत नसतात, जुनंच लावा." मी ऐकलं. तुह्या हिरव्या लुगड्याच्या गोधडीत तिले वाढवलं.

त्या लुगड्याचा उरलेला तुकडा पेटीत सापडला. त्याचीच पट्टी मखमलीच्या मधोमध जोडली. शिलाई दुहेरी हाये, उसवत बसू नको.

आम्ही दोघी दहाच्या बसनं सेलूले आपल्या घरी चाललो. बारशाले वाट पाहू नको.

लेकरू तान्हं हाये, जुनं लागतेच ना त्याले?

मयुरी