गाळलेले आवाज

रायपूर,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

चि. शिशिर,

अनेक आशीर्वाद. बाबांची तब्येत ठीक आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. तू भनपुरीत, आम्ही इथे; अर्ध्या तासाच्या अंतरावर पत्र पाठवतेय म्हणून हसशील. पण तू फोन उचलत नाहीस आणि घरच्या ग्रुपमधूनही निघून गेलास.

आईच्या वर्षश्राद्धाला मी ते चित्र लावलं, त्याबद्दल लिहायचं आहे. ऑफिसात मी हेच काम करते, लोकांच्या ऑनलाइन गप्पांची चित्रं: माणूस म्हणजे गोल, उत्तर म्हणजे रेघ, उत्तरं जास्त तर रेघ जाड. वाटलं, आईची गोष्ट अशीच सांगावी. भाषणं नकोत, गहिवर नको. ग्रुपवरची तिची सहा वर्षं एका नजरेत दिसावीत. गोल बाजाराजवळून मोठं फ्लेक्स छापून आणलं तेव्हा स्वतःला फार शहाणी समजत होते.

चित्रात आईकडे जाणारी सगळ्यांत जाड रेघ माझी होती. तुझी नव्हतीच. वनमालामामी सगळ्यांदेखत म्हणाली, "काहून रे, मायले एक शब्दही नाही लिहिला तुनं?" पान वाढलेलं असताना तू चपला घालून निघून गेलास. मी थांबवलं नाही. खरं सांगू? मला मनातून बरं वाटलं होतं.

परवा बाबा म्हणाले, "तुयी आई तर दिवसभर फोनवर बोलत राहे. ते बोलणं कुठी आहे याच्यात?" मग मी पुन्हा तपासलं. नातेवाइकांची सुप्रभातवाली फुलं नकोत, म्हणून जे टाइप केलेलं नाही ते सगळं मी गाळायला लावलं होतं. त्या फुलांबरोबर आईनं ग्रुपवर बोलून पाठवलेला आवाज गेला आणि तुझाही. सिलतऱ्याच्या प्लांटात हातमोजे घालून तू टाइप कसं करणार? तू बोलूनच उत्तर द्यायचास. एवढं मला माहीत असायला हवं होतं.

माहीत नव्हतं, कारण ते आवाज मी कधी ऐकलेच नाहीत. माझी जाड रेघ म्हणजे नुसते अंगठे आहेत रे, ते चिन्ह टाइप केलेल्यात मोजलं गेलं. आई काही बोलली की अंगठा पाठवायचा, झालं.

आता दोन दिवस बाबा आणि मी ते पहिल्यापासून ऐकतोय. एका नजरेत काही कळत नाही, बसून ऐकावं लागतं. फ्लेक्स काढून टाकलं. मामीला फोन करून माझी चूक सांगितली. येत्या रविवारी सगळ्यांना पुन्हा बोलावलंय, त्यांच्यासमोरही सांगणार आहे. तू ये. नाही आलास तरी सांगेन.

आज सकाळी आईनं दवाखान्यातून पाठवलेला एक निरोप ऐकला. सगळ्यांच्या ग्रुपवर, बिनधास्त. "शिशिर, पूर्णिमा माह्यं आयकत नाही, नुसता अंगठा देते. मले समजते. पण तू तिले काही म्हणू नको बाबू, तिले लय काम राहते."

तू म्हणालास, "हव आई, नाही म्हणत."

त्याच्याखाली माझा अंगठा आहे.

त्या दिवशी मामीसमोर तू हे एका वाक्यात सांगू शकला असतास. नाही सांगितलंस.

तुझी अपराधी ताई,
पूर्णिमा