ओर्विलमामाचा खासगी रस्ता

बीच ओहोळ, ३ मार्च

चि. वर्नास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पुरात आपला लाकडी पूल गेला. तुझ्या मामीला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं, तर शेजारचा एल्झी तिला पाठुंगळी घेऊन एका फळीवरून ओहोळ ओलांडतो. ती वरून त्याला बजावते, घसरलास तर मक्याचा पाव बंद. मला हसू येत नाही. दिवसभर काठावर येरझारा घालतो. वर्गात शिकवलेल्या नदीच्या कविता आठवतात आणि एकही आवडत नाही.

सगळी काउंटी तुला ‘जज’ म्हणते, निवाडा मात्र तू करत नाहीस, कारभार पाहतेस. पण रस्ते, ट्रक, खडी तर तुझ्याच हाती ना? माणसं पाठव. भाची आहेस.

तुझा,
ओर्विलमामा

काउंटी कचेरी, ६ मार्च

ती. मामांस सा. न.

आणीबाणी जाहीर करणं माझ्या हातात होतं, ते केलं. पण तुमचा रस्ता काउंटीचा नाही. तिथं मी फावडंभर खडी टाकली तर लोक मला खुर्चीवरून खाली ओढतील, आणि ते बरोबरच ठरेल. आठवतं का, जुने जज रस्ता काउंटीत घ्यायचा कागद घेऊन आले होते? रस्ता रुंद करायला कडेचं सिकॅमोरचं झाड तोडावं लागेल म्हणून तुम्ही त्यांना जेवू घातलंत, कविता ऐकवलीत नि परत धाडलंत. मी नऊ वर्षांची, त्याच झाडावर बसले होते.

आता तो कागद सही करून आणा. मंगळवारी काउंटीच्या बैठकीत चार सभासद मत देतील. मी नात्यातली, म्हणून बाहेर बसेन. बोलायचं तुम्हालाच. थोडक्यात बोला, मामा.

रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची वर्ना

बीच ओहोळ, १२ मार्च

चि. वर्नास आशीर्वाद.

तू दार ओढून बाहेर गेलीस आणि मी बोलायला उभा राहिलो. खिशात सिकॅमोरवरची कविता होती, तीन पानी. सभासदांनी विचारलं, काय म्हणायचंय. मी म्हणालो, “बायकोला पलीकडे न्यायचंय. झाड तोडा.” एवढंच. चार हात वर झाले. चौथा जरा रेंगाळला. मामी म्हणते, पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी वेळेत थांबलो.

काल काउंटीची माणसं झाडावर तोडायच्या खुणेची नारिंगी फुली मारून गेली. मी घरातच बसलो.

पूल व्हायला महिना लागेल. तोवर, ‘खासगी रस्ता’ ही माझ्याच हातची लांबलचक पाटी उखडून एल्झीला दिली. त्याने ती फळीला बाजूने जोडून वाट रुंद केली. आज मामी माझ्या अक्षरांवर पाय देत, कुणाच्या पाठीवर न बसता, पलीकडे गेली.

सवड झाली की ये. झाड उभं आहे तोवर.

मामा