धाकटीचा रस

६ जानेवारी
पालक तीन पाण्यांतून काढला तरी तळाशी माती. प्रयोगशाळेत दिवसभर लोकांच्या नळाच्या पाण्यातला गाळ तपासतो, आणि घरच्या पालकाने मला दमवलं!

पालक, काकडी, पुदिना, आल्याचा तुकडा, लिंबू. सगळं मिक्सरमधून काढलं. गाळायचं नाही, आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलंय – चोथा पोटात गेला पाहिजे. गोड काही नको, फळसुद्धा नको. रसाने चरबी जात नाही, म्हणाल्या. सकाळच्या पावाऐवजी रस घेतला तर जाते.

बाटली मेहुणीच्या बेकरीच्या मागच्या दाराने नेऊन दिली. धाकटीने डोळे मिटून एका दमात संपवली. तोंड पुसून म्हणाली, "भाऊजी, असला चारा खाऊन गाई दूध का चोरतात ते आज कळलं."

किती महिन्यांनी हसलो कोण जाणे.

७ जानेवारी
झोप लागत नाही म्हणून हे लिहायला घेतलंय. सरळ लिहावं.

मुलीचं लिव्हर कामातून गेलंय. डॉक्टर म्हणतात, दुसऱ्या कुणाच्या लिव्हरचा तुकडा बसवला तरच ती हे वर्ष काढेल. तो तुकडा ही, माझी बायको, देणार होती. तपासण्या झाल्या, तारीख ठरली. आणि ऑक्टोबरात ही स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्याबसल्या गेली. हृदय बंद पडलं. माझा रक्तगट मुलीशी जुळत नाही.

हिला जाऊन पंधरवडाही झाला नसेल. हिची बहीण आली. चप्पल न काढता दारातच म्हणाली, "ताईच्या जागी मी." मला नीट रडताही येत नव्हतं, आणि ही पोरगी – चाळिशी उलटली तरी ती आमच्या घरात धाकटीच – डॉक्टरांचा नंबर मागत होती.

तिच्या लिव्हरवर चरबी निघाली. सात किलो उतरवा, मग बघू, असं डॉक्टर म्हणाले. बेकरीवालीला सात किलो!

१५ जानेवारी
आज रविवार. बेकरीत बसून तिचं काम पाहिलं. भट्टीतून पावांचे ट्रे निघत होते. पूर्वी प्रत्येक घाण्यातला एक पाव मोडून तोंडात टाकायची, तीच तिची तपासणी. आता पाव मोडते, वास घेते, बोटाने दाबते आणि कारागिराकडे सरकवते. तो खातो, ती त्याच्या तोंडाकडे बघते. "मीठ कमी ना?" कमीच होतं.

मी तिच्या जागी असतो तर पहिल्याच ट्रेला हरलो असतो.

२२ जानेवारी
दोन किलो उतरले. मुलीला सांगितलं. ती पडूनच असते हल्ली, डोळे हळदीसारखे. म्हणाली, मावशी लग्नातल्या साडीच्या ब्लाउजमध्ये मावली की मला फोटो पाठवायला सांगा.

२ फेब्रुवारी
धाकटी म्हणाली, हल्ली रस बरा लागतो, हात बसला तुमचा. आल्याचं प्रमाण जमलं असावं. दिवसभर बरं वाटत होतं.

९ फेब्रुवारी
काटा हलत नाही. उलट पाव किलो वर. आहारतज्ज्ञ बाई तिच्यावरच उखडल्या, चोरून खाता का म्हणून. धाकटी खाली मान घालून ऐकत राहिली. तिची बाजू घ्यावीशी वाटली. तोंड उघडलं नाही. नेहमीसारखंच.

१३ फेब्रुवारी
हल्ली बाटली धाकटीच्या नवऱ्याच्या, साडूच्याच हातात देतो. आजही देऊन निघालो होतो. पिशवी विसरली म्हणून परत वळलो. साडू ओट्यापाशी पाठमोरा. केकवर ओततात तो साखरेचा पाक, त्याचा डाव भरून बाटलीत. मग झाकण लावून बाटली हलवली. शांतपणे, रोजची सवय असावी तशी.

मागे वळला आणि मला पाहिलं. एरवी गिऱ्हाइकाला बोलून बोलून दमवणारा माणूस. डाव ओट्यावर ठेवला आणि फडक्याला हात पुसत राहिला.

मग म्हणाला, "साडूभाऊ, तुमची बायको गेली. रिकामं घर काय असतं ते तुम्हाला कळतं. मला कशाला त्या रांगेत उभं करताय?"

 पिशवी घेऊन आलो.

१४ फेब्रुवारी
राग यायला हवा होता. येत नाही. माझी मुलगी मरते आहे आणि मला साडूचा राग येत नाही – कारण तो म्हणाला ते खरं आहे. डॉक्टरांनीच सांगितलंय, देणाऱ्याच्याही जिवाला थोडा धोका असतोच. दुसऱ्याच्या बायकोला टेबलावर झोप म्हणून सांगायचा मला काय अधिकार?

ही असती तर दोघांनाही फैलावर घेतलं असतं.

१६ फेब्रुवारी
आज बाटली साडूला दिली नाही. थांबलो. धाकटी आल्यावर तिच्याच हातात दिली. एक घोट घेतला तिने, माझ्याकडे बघितलं.

"कळलं वाटतं तुम्हाला."

मी मान हलवली.

"भाऊजी, मी पाक करणारी बाई. पहिल्याच दिवशी जिभेला कळलं." मग हलक्या आवाजात, आत भट्टीपाशी असलेल्या नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून, "तरी प्यायले. मलाही भीती वाटते. वजन उतरलं नाही तर ऑपरेशन आपोआप टळेल, असं वाटायचं. ताईसारखी नाहीये मी."

मग तो कडू रस तिने सावकाश प्यायला. डोळे उघडे ठेवून. बाटली स्वतः धुऊन दिली. "उद्यापासून माझ्याच हातात द्यायची."

ती हिच्यासारखी नाही, हे खरंच. हिला भीती माहीत नव्हती. धाकटीला आहे, आणि ती तरीही उद्याची बाटली मागते. एवढी मोठी बाई मी पाहिली नाही. तिला हे सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

५ मार्च
काटा उतरतोय. तिने संध्याकाळचं जेवण लवकर घ्यायला सुरुवात केलीय, पावाच्या ऑर्डरी चालत पोचवते. साडू माझ्याशी बोलत नाही. मी दिसलो की मागच्या खोलीत मैदा चाळायला जातो.

२९ मार्च
सात किलो पूर्ण! मुलीला पुन्हा दवाखान्यात ठेवलंय, पोटात पाणी झालं. धाकटी तिच्या उशाशी बसून केसांचा गुंता सोडवत होती. दोघी कुणाची तरी नक्कल करून हसत होत्या. माझीच असणार, मला बघून गप्प झाल्या.

३ एप्रिल
स्कॅन चांगला आला. चरबी गेली. पण डॉक्टर म्हणाले, नवऱ्याने येऊन सगळे धोके ऐकून घेतल्याशिवाय मी तारीख देणार नाही. धाकटीने घरी सांगितलं. साडू जेवणावरून उठून गेला म्हणे.

७ एप्रिल
साडू डॉक्टरांकडे गेला नाही. मुलगी माणसं ओळखते, पण बोलायचं टाळते. धाकटीने रस घेतला आणि म्हणाली, "मी त्यांना ओढून नेणार नाही भाऊजी. त्यांचं त्यांनी यायला हवं." मला तिचे पाय धरावेसे वाटले, आणि साडूचेही.

८ एप्रिल
काही नाही.

९ एप्रिल
रात्री साडूचा फोन. दोन महिन्यांनी आवाज ऐकला. म्हणाला, "उद्या रस आणू नका. काल डॉक्टरांपुढे बसून सगळे धोके ऐकून आलो, तारीख साडूभाऊंना मीच सांगतो म्हणालो. ऑपरेशन सकाळीच आहे, तिला उपाशी ठेवायला सांगितलंय मला डॉक्टरांनी. तुम्ही नुसते या. मला एकट्याला बाहेर बसवणार नाही."