दोन बोटं जादा

अस्मारा,
१७ नोव्हेंबर

प्रिय मेरहावीदादा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे खुशाल. आईचा गुडघा दुखतो, पण जिना चढायचं काही सोडत नाही. हे पत्र तुझ्याकडे यायला निघालेल्या सेलाममावशीच्या हाती देतोय, म्हणजे तुला नक्की मिळेल.

तुझी चिठ्ठी पोचली. राष्ट्रीय फुटबॉल संघात निवड झाली म्हणून एका ओळीत अभिनंदन, आणि खाली सामन्याच्या गावातल्या तुझ्या मित्राचा फोन नंबर. "सामना संपला की हॉटेलवर जाऊ नकोस, याला फोन कर." शाबास! मला पळायचंय का, एवढं विचारावंसंही वाटलं नाही तुला? चिठ्ठी तिथल्या तिथे फाडली मी.

आता ऐक. आम्ही जातच नाही. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतून संघाचं नावच मागे घेतलंय. बॅगा भरून झाल्यावर कोच हिद्रूसरांनी मैदानावर सांगितलं. कारण कोणी बोललं नाही, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कंपालाच्या सामन्यानंतर तू आणि आणखी तिघे हॉटेलातून पसार झालात, देशात परतलाच नाहीत. तुमच्या आधीचेही असेच गेले, नंतरचेही. सांगताना सरांची नजर सारखी माझ्यावर. मेरहावीचा भाऊ ना मी! त्या खडीच्या मैदानावर गोल अडवता अडवता कोपरं सोलून घेतली, ती काय यासाठी? गेलात तुम्ही आणि घरी बसायचं मी.

आणि लोक! तेकले शिंप्याकडे संघाच्या कोटाचं माप द्यायला गेलो, तर म्हणतो, "दोन बोटं जादा ठेवतो हं."

"कशाला?"

"तिकडे थंडी फार. आत स्वेटर घालशील. शिवाय खाऊनपिऊन अंगही सुटेल."

"काका, मी चार दिवसांत परत येतोय."

"हो हो, येशील की," म्हणाला, आणि दोन बोटं जादाच ठेवली. दुकानातले सगळे खो खो हसले. तो ढगळ कोट आता खुंटीवर लटकतोय.

आईचं लिहू की नको, असं झालंय. बॅग तिनेच भरली होती. बेत रद्द झाल्यावर मी ती उपसली, तर तळाशी तुझा जुना लोकरीचा स्वेटर, आणि माझ्या मोज्याच्या काठात शिवून टाकलेली तिच्या लग्नातली कानातली. माझं डोकंच फिरलं. ओरडलो तिच्यावर, "तुलासुद्धा वाटतं मी पळणार? मी परत येणार होतो, आई!"

ती कॉफीच्या बिया भाजत होती. मान वर न करता म्हणाली, "मेरहावी गेला तेव्हा मला माहीत नव्हतं रे. साधा स्वेटरही दिला नाही त्याला मी."

रिवाजाचे कॉफीचे तीनही पेले तिच्याजवळ बसून प्यायलो. कानातली तिच्या हातावर ठेवली. ती घालत नाही, नुसती बघत बसते. तिला पत्र लिही. मला लिहिलं नाहीस तरी चालेल.

मी परत येणार होतो, दादा. देशाचा शर्ट अंगात घालून एकदा गोलात उभं राहायचं आणि घरी यायचं, एवढंच होतं मनात. चिठ्ठी मी फाडली, हे खरं. पण तो नंबर अजून मला तोंडपाठ आहे. त्याचा राग कोणावर काढायचा, तेवढं तूच कळव.

परत येणारच होता,
तो तुझा धाकटा भाऊ,
आवेत