वाचायचं आणि लिहायचं, एकाच तासात

१२ ऑगस्ट

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघे आणि शेजारीण, दोन्ही एकदमच कुरकुरायला लागल्याचं वाचून हसले, मग वाईटही वाटलं.

इथे माझ्या जिवाला घोर लागलाय. भाषेत नापास झालेल्यांचा वर्ग कॉलेजने माझ्या गळ्यात घातला, हे तुला ठाऊक आहेच. मी वाचन आणि लेखन एकाच तासात घेते. एक उतारा वाचायचा आणि तो लिहिणाऱ्याला आपला एक प्रश्न कागदावर विचारायचा. मग शेजाऱ्याने तो कागद वाचायचा. त्याला प्रश्न कळला नाही, तर पुन्हा लिहायचा.

विभागप्रमुखांना हे पटत नाही. आधी वर्षभर धड वाचू द्या, लिहिण्याचं पुढे बघू, असं त्यांचं म्हणणं. येत्या शुक्रवारी ते मागच्या बाकावर बसून तास बघणार आहेत. नाही आवडला तर वाचनाचा वर्ग वेगळा, लेखनाचा वेगळा, आणि माझ्या हंगामी नोकरीला नारळ.

आणि मुलं विचारतात काय, तर या उताऱ्यातून कोणता बोध मिळतो! सगळ्यांच्या कागदावर तेच. मागे बसणारी एक उंच मुलगी तर कोराच कागद देते. वाचायला उभी केली की पहिल्याच वाक्याला अडखळते आणि खाली बसते. मला जेवण गोड लागत नाही. काहीतरी सुचव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भाची

१५ ऑगस्ट

चि. भित्री भागूबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं, बोध विचारला की मास्तर खूश होतात, हे पोरांना पहिलीपासून पाठ आहे. इतकी वर्षं शाळा सांभाळली, मला विचार. त्यांना उतारे कसले देतेस? ज्याने त्यांचं काही अडतं असा मजकूर दे. आमच्या ह्यांना अग्रलेखावर एक ओळ सुचत नाही. पण सोसायटीने जिन्यात खुर्ची ठेवायची बंदी केली, तेव्हा ती सूचना पंचवीसदा वाचून चार पानं खरडली. अजून खुर्ची जिन्यातच आहे.

जेवत जा. शुक्रवारचं सविस्तर कळव, नाहीतर मला इथे चैन पडायची नाही.

तुझी आत्या

२० ऑगस्ट

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझा सल्ला अंगाशी आला गं!

शुक्रवारी सकाळी व्हरांड्यात एक नवी सूचना दिसली. खाली सही नव्हती. जागा अपुरी असल्यामुळे संध्याकाळी वाचनालयात फक्त मागच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांनाच बसता येईल, असं होतं. मी ती तशीच्या तशी वर्गातल्या फळ्यावर उतरवली. बघता बघता सगळ्यांची पेनं सुरू झाली. त्या उंच मुलीनेही लिहिलं. शेजारणीला कळेना, म्हणून तिने ते दोनदा पुन्हा लिहिलं.

मग मी तिला उभं केलं. चाचरत तिने वाचलं. ज्यांना वाचता येतं ते पास झाले, आम्हाला येत नाही म्हणून आम्ही नापास, मग वाचनालयाची गरज जास्त कुणाला, असं तिने विचारलं होतं. आणि घरी एका खोलीत सहा माणसं असली तर आम्ही वाचायचं तरी कुठे, असंही.

विभागप्रमुख उठले आणि तास संपायच्या आतच निघून गेले. नंतर ग्रंथपालांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की ती सूचना विभागप्रमुखांनीच लिहिली होती. अजून बोलावणं नाही. दार वाजलं की तेच आलं असं वाटतं.

तुझी भागूबाई

२३ ऑगस्ट

चि. भागूबाईस,
अ. उ. आ.

मीच तुला भरीला घातलं, म्हणून इथे माझाही डोळ्याला डोळा लागत नाही. हे म्हणतात, आत्या भाचीची नोकरी घालवूनच स्वस्थ बसणार. तू आपणहून माफी मागायला धावू नकोस. त्या मुलीने काही खोटं विचारलेलं नाही. वाईटात वाईट झालंच, तर आमची मागची खोली तुझीच आहे.

तुझी आत्या

२९ ऑगस्ट

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

बोलावणं आलं. विभागप्रमुखांनी सांगितलं, की मुलं लिहीत होती हे त्यांनी पाहिलं, तेव्हा वर्ग माझ्याकडेच राहील. मात्र कॉलेजच्या कारभाराचा कागद पुन्हा वर्गात आणायचा नाही, आणि त्या सूचनेबद्दल मुलांना काही लिहूनही द्यायचं नाही. मी मान डोलावली. सूचना जागच्या जागी आहे. नोकरी वाचली म्हणून आनंद झाला, आणि त्या आनंदाची फार लाज वाटली.

आज तासाला गेले तर मुलांनी भराभर कागद दप्तरात कोंबले. मी विचारलं तेव्हा ती उंच मुलगी म्हणाली, की आम्ही अर्ज लिहितोय, पण तुम्ही बघू नका, तुमची नोकरी आहे. निदान चुका तरी बघू द्या, असं मी म्हणाले. त्यावर ती म्हणाली, की सगळ्यांनी एकमेकांचं वाचून झालंय, नाही कळलं ते पुन्हा लिहिलंय.

दुपारी सगळे विभागप्रमुखांच्या खोलीत शिरले. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. अर्ज तीच वाचत होती. दुसऱ्याच वाक्याला अडखळली. मग तिने ते वाक्य पहिल्यापासून घेतलं, आणि पुढचं, आणि त्याच्या पुढचं. उत्तर काय मिळतंय ते मला अजून कळलेलं नाही. पण आत्या, तिने शेवटपर्यंत वाचलं गं.

आहे तसाच जीव लावत राहा.
तुझी भाची