टोपी झटकायची राहिली

सोमवार, ५ ऑगस्ट

पोचले एकदाची! बसमध्ये अकरा तास, त्यातले चार एका मेंढीशेजारी. मेंढी माझ्यापेक्षा शहाणी, वळण आलं की डोळे मिटून घ्यायची. मी मात्र दरीत डोकावत बसले आणि आईनं दिलेली सगळी सफरचंदं संपवली.

काम मजेचं आहे. इथल्या पाद्रीबाबांना पुस्तक काढायचंय: गावातल्या माणसांच्या आयुष्यातला सगळ्यात भीतीचा क्षण, त्यांच्याच शब्दांत. मी टेपरेकॉर्डर घेऊन बसायचं, त्यांनी बोलायचं, मग मी टाइप करायचं. वीस माणसं, एक महिना. कचेरीतल्या त्या रटाळ पत्रांपेक्षा हे शंभरपट बरं!

राहायला सातुर्निनाबाईंकडे वरची खोली मिळाली आहे. लाकडी बाल्कनी, खाली अंगण, समोर बर्फाचा डोंगर. स्वयंपाकघरात गिनीपिग पायांत येतात. बाई विधवा, एकट्या, जिभेनं तिखट. माझ्या टाचांच्या बुटांकडे बघून म्हणाल्या, हे घालून तू चढणार की पडणार ते आधी सांग, म्हणजे तसा स्वयंपाक करते.

बटाट्याचं सूप वाढताना त्यांनी एक बजावलं. माणूस भीतीची गोष्ट सांगतो तेव्हा त्याचा जीव पुन्हा त्या जागी जातो. सांगून झालं की ऐकणाऱ्यानं त्याची टोपी किंवा शाल तीनदा झटकायची आणि नावानं हाक मारायची, चल, इथं थांबू नको. तो ‘आलो’ म्हणाला की काम झालं. हाक राहिली तर जीव ऐकणाऱ्यापाशी अडकतो. मी हो हो म्हटलं. आमच्याकडे समुद्रकिनाऱ्यावरही पडलेल्या पोराला आजी अशीच हाक मारायची. सूप मात्र फक्कड होतं.

बुधवार, ७ ऑगस्ट

पहिला मान तायता इलारियोंचा. इथं म्हाताऱ्यांना तायता म्हणतात. वय चौऱ्याहत्तर, आयुष्य खेचरं हाकण्यात गेलेलं. आल्या आल्या यंत्राभोवती फेरी मारून विचारलं, हे दाणा खातं की गवत?

मग बोलू लागले आणि मी हसायची थांबले. गावाखाली नदीवर जाड तार बांधलेली आहे, तिच्यावरून पाळण्यात बसून पलीकडे जातात. बाविसाव्या वर्षी मीठ घेऊन जाताना पाळणा मधोमध अडकला, तळाची फळी निसटली. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ते दोन्ही हातांनी तारेला लोंबकळत राहिले. पाय मोकळे, खाली नदी. पण पडण्याची भीती नव्हती म्हणाले. "हात सोडून द्यावेत असं वाटत होतं पोरी, गोड वाटत होतं. त्याची भीती. त्या भीतीनंच मला धरून ठेवलं."

संपल्यावर त्यांनी टोपी काढून माझ्यापुढे धरली. दारात फेलिसितासबाई ताटकळत होत्या, पाद्रीबाबा बाहेर येरझाऱ्या घालत होते. मी म्हटलं, तायता, संध्याकाळी यादी घेऊन सगळ्यांना एकदमच हाक मारते. ते हसले, किनाऱ्यावर माणसांना गठ्ठ्यानं बोलावतात वाटतं, म्हणाले आणि टोपी घालून गेले.

संध्याकाळी उंचीनं डोकं इतकं ठणकलं की तशीच झोपले.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

पाच जण झाले. फेलिसितासबाईंना लहानपणी बैलानं कुंपणाशी दाबून धरलं होतं. गवंडी बेनिग्नो भूकंपात भिंतीखाली सापडला होता. रोज वाटतं आज यादी वाचू, रोज काहीतरी निघतं. सातुर्निनाबाईंनी विचारलं, हाका मारल्यास ना? मी मारल्या म्हणून ठोकून दिलं. एवढ्याशा गोष्टीवरून कुठे बोलणी खायची!

आज एक नवल. फेलिसितासबाई बाजारच्या बैलाच्या शिंगांना टेकून उभ्या होत्या. लोक म्हणत होते, म्हातारी धीट झाली. बेनिग्नो कललेल्या भिंतीखाली बसून शांतपणे जेवत होता. मला वाटलं बोलून मन मोकळं झालं, पाद्रीबाबांना सांगायला हवं.

एक गोष्ट मात्र पटत नाही. हाताला गंजलेल्या लोखंडाचा वास येतोय. तीनदा साबण लावला. आणि बाल्कनीत पाऊल टाकवत नाही, पायाखाली फळ्या दिसतात पण लागत नाहीत.

रविवार, ११ ऑगस्ट

प्रार्थना संपल्यावर तायता चौकात बसले होते. मी मुद्दाम म्हटलं, यंत्र उपाशी आहे, दाणा आणलात का? त्यांनी नुसतं पाहिलं. टिंगल नाही, हसू नाही. भाजलेले मक्याचे दाणे हातात तसेच.

मग म्हणाले, त्या दिवशी मी हात का सोडले नाहीत ते आठवत नाही गं.

लोकांसमोर लाज वाटत होती तरी त्यांची टोपी घेतली, झटकली, तीनदा हाक मारली. ते माझ्याकडे बघत राहिले. ‘आलो’ म्हणालेच नाहीत. टोपी घालून नदीच्या वाटेकडे बघत बसले. सातुर्निनाबाईंना आज सांगायलाच हवं होतं. नाही सांगितलं. त्या काय म्हणतील याचीच मला जास्त काळजी.

मंगळवार, १३ ऑगस्ट

तायता गेले.

सकाळी दहाला, लख्ख उन्हात. पाळणा नीट चालला होता, मधोमध पोचला होता. दोन्ही काठांवरच्या लोकांनी पाहिलं. ओटीवरून अंगणात उतरावं तसे उतरले. टोपी पाळण्यातच राहिली.

मी सातुर्निनाबाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, त्याला धरून ठेवणारी एकच गोष्ट होती आणि ती तू स्वतःपाशी ठेवून घेतलीस.

मीच मारलं त्यांना. आळसानं.

बुधवार, १४ ऑगस्ट

भर दुपारी बाईंनी उरलेल्या चौघांना अंगणात बसवलं. मी एकेकाची शाल झटकली, हाक मारली, घसा बसेपर्यंत. फेलिसितासबाईंनी ‘आले’ म्हटलं आणि हंबरडा फोडला, मला त्या बैलापाशी जाऊ कुणी दिलं म्हणून. माझ्या छातीवरचा दाब गेला. बेनिग्नो ‘आलो’ म्हणाला, माझ्या तोंडातली माती गेली. चौघेही परतले. चौघेही थरथर कापत होते आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग पाचवी, पाळण्यातून आणलेली तायतांची टोपी. तिच्याखाली कुणी नाही.

हातांचा वास गेलेला नाही. पाय अजून —

गुरुवार, १५ ऑगस्ट

बाईंनी मला बोलतं केलं, माझी भीती काय म्हणून. आठवेना. लहानपणी समुद्रात काहीतरी — लाट होती का? तार आठवते. मीठ आठवतं. खेचरांची नावंसुद्धा.

त्यांनी माझी शाल झटकली. एल्विरा, चल, इथं थांबू नको. तीनदा. तोंड उघडेना.

मग त्यांनी टोपी उचलली, अगदी हळू, उचलू नये अशी वस्तू उचलावी तशी. इलारियो, म्हणाल्या.

‘आलो.’ मीच म्हणाले.

बाई रडल्या. मग शाल आवळून पाद्रीबाबांकडे गेल्या, टेलिफोन करायला. आईला बोलावलंय. जन्म देणारीची हाक कुठेही पोचते म्हणतात. ती उद्या सकाळच्या बसनं निघेल, संध्याकाळी इथं. तोवर धरून राहायचं पोरी, बस, एवढंच कर, म्हणाल्या. बाल्कनीच्या दाराला खिळे ठोकले.

शुक्रवार

पलंगाचा दांडा धरलाय. एका हातानं लिहितेय. बाई खाली आहेत, भांडी वाजतायत.

आई निघाली असेल. सफरचंदं आणेल —

दुपार

खिळे ठोकलेत तरी दार उघडं दिसतं. फळ्या नाहीत. खाली पाणी.

हात दुखत नाहीत आता. दुखायला हवेत. भीती वाटतेय तोवर बरं — वाटतेय ना?

थोडी. अगदी थोडी.

नंतर

किती गोड वाटतंय. ते म्हणाले होते तसंच —

नको. धर.

खालून हाक. एल्विरा. आईचा आवाज! चल, इथं थांबू नको म्हणतेय —

बस तर संध्याकाळी —

पुन्हा हाक मारली. खालूनच, पाण्याजवळून. आईच. उत्तर दिलं पाहिजे, नाहीतर ती — एकच हात सोडते, फक्त ए